चुका कोणाला परवडतात? अमेरिकन बेसबॉलमधली पगारांची दरी आणि स्पर्धेचा समतोल

प्रश्न असा आहे: लॉस एंजेलिस डॉजर्सनी 2024 आणि 2025 अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिका, जिंकल्या. त्यांचा पगारांवरचा खर्च सगळ्यात काटकसरी संघांच्या चार-पाचपट आहे. मग मेजर लीग बेसबॉलमध्ये स्पर्धा म्हणण्यासारखं काही उरलं आहे का, आणि आयपीएलमध्ये आहे तशी सर्वांना एकच खर्चमर्यादा तिथे का लावत नाहीत?

मी खेळाडूंच्या पगार-लवादासाठी आकडेवारी तयार करण्याचं काम करतो, कधी खेळाडूच्या बाजूने तर कधी संघाच्या. दोन्ही बाजूंचे हिशेब जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. एखाद्या वर्षी कोण जिंकणार हे पैशावर फार कमी ठरतं. पण दरवर्षी शर्यतीत कोण राहणार, चूक झाली तर कोण सावरणार आणि कोणत्या शहराला आपला लाडका खेळाडू आपल्याकडे ठेवता येणार, हे मात्र पैसाच ठरवतो. खरा अन्याय तिथे आहे, आणि वरच्या बाजूला मर्यादा घातल्याने तो दूर होईल असं मला वाटत नाही.

आधी पैशाच्या विरुद्ध बाजूचा पुरावा बघू, कारण तो भक्कम आहे. 2001 ते 2025 या पंचवीस हंगामांत 30 पैकी 16 वेगवेगळ्या संघांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यात फ्लोरिडा होता (2003), कॅन्सस सिटी होता (2015). न्यूयॉर्क मेट्सने 2023 चा हंगाम सुमारे 35 कोटी डॉलरच्या पगारखर्चाने सुरू केला, मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर या दोन ज्येष्ठ पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) प्रत्येकी वर्षाला 4.3 कोटींच्या वर दिले, आणि 75 विजय, 87 पराभव असा हंगाम संपवला. दोघेही हंगाम संपण्याआधीच दुसऱ्या संघांना देऊन टाकले गेले. पुढे त्याच मेट्सनी हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर कबूल केले, आणि 2025 मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी हरून प्लेऑफबाहेर राहिले. लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाकडे, एंजल्सकडे, माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी एकाच वेळी होते. तरी 2014 नंतर त्यांनी प्लेऑफ पाहिलेलं नाही.

उलट बाजूचं प्रसिद्ध उदाहरण 2002 चं आहे. ओकलंडचा पगारखर्च सुमारे 4 कोटी, न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या घरात, आणि दोघांचे विजय सारखेच: 103. ही गोष्ट नेहमी हुशार आकडेमोडीचा विजय म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. त्या संघाचे आधारस्तंभ होते टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो, मिगेल तेहादा, एरिक चावेझ. हे सगळे तरुण होते आणि पूर्ण बाजारभाव मागण्याचा हक्क त्यांना अजून मिळालेला नव्हता. तो हक्क मिळालेला जेसन जियांबी आदल्याच हिवाळ्यात 12 कोटींच्या करारावर यांकीजकडे गेला होता. पुढच्या काही वर्षांत बाकीचेही एकेक करून पांगले, चावेझ तेवढा राहिला.

बेसबॉलमध्ये पैसा थेट विजेतेपदात उतरत नाही याचं मुख्य कारण खेळाच्या स्वभावात आहे. हंगामात 162 सामने असतात आणि अतिशय चांगला संघही त्यातले साठेक हरतो. एका सामन्यात उत्तम आणि मध्यम संघ समोरासमोर आले तर उत्तम संघाचं पारडं थोडंसंच जड असतं. त्यात प्लेऑफच्या पहिल्या फेऱ्या तीन किंवा पाच सामन्यांच्या. 2022 मध्ये डॉजर्सनी 111 सामने जिंकले आणि सॅन दिएगोकडून पाच सामन्यांच्या मालिकेत हरले. 2023 मध्ये 100 जिंकले आणि 84 विजयांच्या अॅरिझोनाने त्यांना सरळ तीन सामन्यांत घरी पाठवलं. 2025 चं विजेतेपदही असंच काठावर मिळालं. सातव्या सामन्याच्या नवव्या डावात टोरोंटोला फक्त दोन बळी हवे होते, तेव्हा मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी साधली. डॉजर्सच्या हिशेबात तो स्वस्तातला खेळाडू.

म्हणून "विजेते तर बदलत असतात, मग अन्याय कुठे आहे?" असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. ते फक्त चुकीच्या ठिकाणी बघत आहेत. ऑक्टोबरमध्ये नशीब खूप काही झाकून टाकतं. एप्रिल ते सप्टेंबर बघा, आणि एक वर्ष न बघता तीस वर्षं बघा.

1992 च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स वर्ल्ड सिरीजपासून एक बळी दूर होते. त्या हिवाळ्यात त्यांचा सर्वोत्तम खेळाडू बॅरी बाँड्स सहा वर्षांच्या 4.375 कोटींच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. 1993 ते 2012 असे सलग वीस हंगाम पिट्सबर्गने विजयांपेक्षा जास्त पराभव पाहिले. 1993 ते 2025 या तेहतीस हंगामांत त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते असे हंगाम फक्त चार: 2013, 2014, 2015 आणि 2018. याच तेहतीस हंगामांत न्यूयॉर्क यांकीजच्या नावावर असे हंगाम किती? तेहतीसच्या तेहतीस. डॉजर्स 2013 पासून एकदाही प्लेऑफ चुकलेले नाहीत. एखाद्या शहरात जन्मलेलं मूल शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंत आपल्या संघाचा एकही बरा हंगाम पाहत नाही, आणि दुसऱ्या शहरातल्या मुलाला वाईट हंगाम म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. माझ्या लेखी स्पर्धेच्या समतोलाची खरी कसोटी ही आहे.

आमच्या क्षेत्रात यासाठी एक मोजमाप वापरतात. सगळे संघ अगदी तुल्यबळ असते आणि निकाल नाणेफेकीसारखे लागले असते, तरी संघांच्या विजयप्रमाणात थोडा फरक पडलाच असता. 162 सामन्यांसाठी या फरकाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचं माप) साधारण 0.039 येतं. प्रत्यक्षातलं विचलन याच्या किती पट आहे ते बघायचं. बेसबॉलमध्ये हे गुणोत्तर अलीकडे दोनच्या आसपास फिरतं. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये सॅलरी कॅप (पगारखर्चाची कमाल मर्यादा) असूनही ते बहुतेक वर्षं याहून बरंच जास्त असतं. त्याचं मोठं कारण म्हणजे तिथे मैदानावर पाचच खेळाडू असतात, त्यामुळे एक महान खेळाडू सगळा खेळ फिरवतो. हे सांगायचं कारण एवढंच की खर्चाची मर्यादा आणि निकालांचा समतोल यांचं नातं लोक समजतात तितकं सरळ नाही. आणि हे मोजमाप एकेका हंगामापुरतंच बोलतं. तेच तेच संघ वर आणि तेच तेच खाली राहतात का, हे त्यातून कळत नाही. पिट्सबर्गचं दुःख त्या आकड्यात दिसत नाही.

आता पैसा नेमकं काय विकत घेतो ते पाहू. माझं उत्तर: चुकण्याची मुभा.

2025 चे डॉजर्स घ्या. ब्लेक स्नेल (18.2 कोटींचा करार), टायलर ग्लासनाउ (13.65 कोटी) आणि जपानहून आलेला रोकी सासाकी हे तीन पिचर दुखापतींमुळे कित्येक महिने बाहेर होते. शेवटच्या डावांसाठी 7.2 कोटी देऊन आणलेला टॅनर स्कॉट हंगामभर फसला आणि प्लेऑफमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. बहुतेक संघांचा हंगाम एवढ्यानेच बुडाला असता. डॉजर्स सप्टेंबरपर्यंत थांबू शकले. स्नेल आणि ग्लासनाउ परत आले, सासाकीला स्कॉटच्या जागी उभं केलं, आणि योशिनोबू यामामोटो (32.5 कोटी) सहावा सामना जिंकून दुसऱ्याच दिवशी सातवाही संपवून आला.

शेजारी मिलवॉकी ब्रुअर्स ठेवा. ख्रिश्चन येलिच 2018 चा सर्वोत्तम खेळाडू. 2020 मध्ये ब्रुअर्सनी त्याच्याशी करार वाढवला, नऊ वर्षांचे मिळून 21.5 कोटी. त्यांच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा करार. त्यानंतर येलिचची फलंदाजी तीन वर्षं पूर्वीसारखी राहिली नाही. त्याने कष्टात कसूर केली नव्हती, त्या वयात असं होतं. पण वर्षाला सुमारे 2.6 कोटी म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाचा चौथा-पाचवा हिस्सा एका नावापुढे अडकला. एकाच विहिरीवर शेती करणारा आणि कालव्याचं पाणी असलेला, दोघांवर पाऊस सारखाच रुसतो, पीक मात्र एकाचंच वाचतं. मिलवॉकीने पुन्हा इतका मोठा करार केलेला नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला नसता.

तरी ब्रुअर्स जिंकत राहिले, आणि कसे जिंकतात हे समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी पगाराची पद्धत माहीत हवी. खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर पहिली तीन वर्षं साधारण किमान वेतनावर खेळतो. 2025 मध्ये ते 7 लाख 60 हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं पगारावर वाद झाला तर लवाद. सहा वर्षं पूर्ण झाली की तो फ्री एजंट, म्हणजे हवं तिथे जायला मोकळा. बेसबॉलपटूचा उत्तम काळ साधारण पंचविशीच्या मध्यापासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत असतो. म्हणजे त्याची सर्वोत्तम वर्षं बहुतेक वेळा स्वस्तातच जातात. खुल्या बाजारात एक जादा विजय मिळवून देणारी कामगिरी विकत घ्यायला संघाला 80-90 लाख डॉलर मोजावे लागतात असा ढोबळ हिशेब आहे. तीच कामगिरी पहिल्या तीन वर्षांतला खेळाडू जवळजवळ फुकटात देतो. छोट्या शहरांच्या संघांचं सगळं अर्थशास्त्र या फरकावर चालतं.

पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स याचं आजचं सर्वांत ठळक उदाहरण. 2025 मध्ये त्याने दर नऊ डावांमागे दोनपेक्षाही कमी धावा दिल्या आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. त्याचा पगार पावणेनऊ लाख डॉलर होता. संघ मात्र 71 सामने जिंकून 91 हरला, आणि जगातल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एकाच्या नावापुढे 10 विजय, 10 पराभव लागले. तो 2029 च्या हंगामानंतर फ्री एजंट होईल. पिट्सबर्गचे चाहते आजच ते वर्ष बोटांवर मोजत आहेत. एवढा मोठा खेळाडू मिळाल्याचा आनंद त्यांना निखळपणे घेता येत नाही, याची मला खरोखर चीड येते.

लवादाच्या खोलीबद्दल थोडं सांगतो, कारण बाहेर फार कमी लोकांना ती माहीत असते. दोन्ही बाजू एकेक आकडा देतात. तीन लवादांना त्यातला एकच निवडावा लागतो, मधला काढता येत नाही. प्रत्येक बाजूला मांडणीसाठी तास, उत्तरासाठी अर्धा तास. तुलना होते ती त्याच दर्जाच्या, तेवढीच वर्षं खेळलेल्या खेळाडूंशी. आणि संघाची आर्थिक स्थिती हा मुद्दा तिथे काढायलाच बंदी आहे. मिलवॉकी म्हणू शकत नाही की आमचं शहर लहान आहे, आणि खेळाडू म्हणू शकत नाही की मालक अब्जाधीश आहे. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की चौथ्या-पाचव्या वर्षापासून पगार सर्व संघांसाठी एकाच दराने चढतो, उत्पन्न मात्र शहरागणिक वेगळं.

मग छोटा संघ काय करतो? तो खेळाडू महाग होण्याआधी विकतो. कॉर्बिन बर्न्स 2021 चा साय यंग विजेता. 2023 च्या लवादात त्याने 1.075 कोटी मागितले, ब्रुअर्सनी 1.001 कोटी देऊ केले. निकाल संघाच्या बाजूने लागला. 7 लाख 40 हजारांच्या फरकासाठी संघाने आपल्याबद्दल जे युक्तिवाद केले ते जिव्हारी लागल्याचं बर्न्सने उघडपणे सांगितलं. वर्षभरात त्याला बॉल्टिमोरला देऊन मिलवॉकीने तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) एक निवड घेतली. त्याआधी 2022 मध्ये संघ गटात पहिला असताना जॉश हेडर या अव्वल पिचरला सॅन दिएगोला दिलं होतं. त्या व्यवहारात आलेला एक खेळाडू पुढे दुसऱ्या व्यवहारात वापरून विल्यम कॉन्ट्रेरास हा उत्तम कॅचर मिळवला. 2024 संपताच डेव्हिन विल्यम्स हा पिचर यांकीजकडे गेला आणि बदल्यात आलेल्यांपैकी केलेब डर्बिन पुढच्याच वर्षी नियमित खेळू लागला. प्रशिक्षक क्रेग काउन्सेलसुद्धा 4 कोटींच्या करारावर शेजारच्या शिकागो कब्जकडे गेला, तर त्याच्या जागी आलेल्या पॅट मर्फीने लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळवला.

या सगळ्यातून 2025 मध्ये उभा राहिला 97 विजयांचा संघ, त्या वर्षीचा मेजर लीगमधला सर्वोत्तम. नियमित हंगामात डॉजर्सविरुद्धचे सहाच्या सहा सामने त्यांनी जिंकले होते. ऑक्टोबरमध्ये त्याच डॉजर्सनी त्यांना चार सामन्यांत चारदा हरवलं. शेवटच्या सामन्यात ओहतानीने सहा डावांत दहा फलंदाज बाद केले आणि स्वतः तीन होमरन मारले. मिलवॉकीने आजवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. त्यांच्या व्यवस्थापनाने गेल्या दहा वर्षांत जवळपास प्रत्येक व्यवहार बरोबर केला, आणि तरी त्यांना दर हिवाळ्यात कुणालातरी निरोप द्यावा लागतो. सगळं बरोबर केलं तरच शर्यतीत राहता येणं आणि निम्मं चुकलं तरी राहता येणं, या दोन संघांना एकाच स्पर्धेतले समान स्पर्धक म्हणणं मला जड जातं.

ही दरी येते कुठून? मालकांच्या श्रीमंतीतून येते असा समज आहे. खरं मूळ स्थानिक टीव्हीत आहे. राष्ट्रीय प्रसारणाचं उत्पन्न तीसही संघांत सारखं वाटलं जातं, पण रोजच्या सामन्यांचे स्थानिक हक्क प्रत्येक संघ स्वतः विकतो. 2013 मध्ये डॉजर्सनी टाइम वॉर्नर केबलशी केलेला करार 25 वर्षांचा आणि 835 कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी 33 कोटींच्या वर. आधीच्या मालकाच्या काळात त्या संघाच्या झालेल्या दिवाळखोरीतून निघालेल्या तोडग्यामुळे या रकमेचा मोठा भाग संघांमधल्या वाटपासाठी धरलाच जात नाही. मिलवॉकी ही मेजर लीगमधली सर्वांत छोटी टीव्ही बाजारपेठ. त्यात 2023 मध्ये अनेक संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लहान-मध्यम शहरांचं ठरलेलं उत्पन्नही डळमळलं.

वाटपाची व्यवस्था आहे, आणि ती छोटी नाही. प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाच्या 48 टक्के एका सामाईक निधीत टाकतो आणि तो निधी तीस जणांत सारखा विभागला जातो. ऐकायला न्याय्य वाटतं. पण बारकाईने बघा: पिट्सबर्गने चांगला संघ बांधला, प्रेक्षक वाढले, तर त्या वाढीव उत्पन्नातलेही 48 टक्के निधीत जातात आणि परत येतो त्याचा तिसावा हिस्सा. उलट, संघ वाईट ठेवला तरी निधीतला वाटा मिळतच राहतो. सुधारणा करणाऱ्यालाच भुर्दंड पडेल अशी ही रचना आहे. हे पैसे संघावर खर्च करावेत असा नियम आहे, पण तो मोघम आहे. 2018 मध्ये खेळाडू संघटनेने ओकलंड, मायामी, पिट्सबर्ग आणि टॅम्पा बे या चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर रीतसर तक्रार नोंदवली होती.

म्हणून ऐपत आणि इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सॅन दिएगो ही काही मोठी बाजारपेठ नाही, पण पीटर साइडलर या मालकाने 2023 मध्ये सुमारे 25 कोटी खर्च केले. त्या वर्षी संघ 82 सामनेच जिंकला, तरी स्टेडियम भरून वाहत राहिलं. बोस्टन श्रीमंत आहे, पण 2020 मध्ये त्यांनी मुकी बेट्सला डॉजर्सकडे जाऊ दिलं. कोणता मालक खरंच अडचणीत आहे आणि कोण नुसताच हात आखडून बसला आहे, हे बाहेरच्याला कळत नाही, कारण बहुतेक संघांचे हिशेब खाजगी आहेत. अटलांटा ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात असल्याने तिचे आकडे दिसतात, बाकीच्यांच्या बाबतीत अंदाजच बांधावे लागतात.

लक्झरी टॅक्सबद्दल, म्हणजे पगारखर्चाने ठरलेला उंबरठा ओलांडला की संघाला भरावा लागणाऱ्या कराबद्दल, जास्त बोलत नाही. 2025 मध्ये उंबरठा 24.1 कोटींचा होता. सलग तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षी तो ओलांडला आणि खर्च 30.1 कोटींच्या पुढे गेला की वरच्या प्रत्येक डॉलरवर 110 टक्के कर. डॉजर्सनी त्या वर्षी सुमारे 16.9 कोटी कर भरला. मायामीच्या सगळ्या खेळाडूंच्या एकत्रित पगारापेक्षा ही रक्कम मोठी आहे. मध्यम-श्रीमंत संघ या कराला घाबरतात, सर्वांत श्रीमंत संघ तो भरून टाकतात. ओहतानीच्या 70 कोटींपैकी 68 कोटी 2034 पासून द्यायचे आहेत, यावरून फार ओरड होते. ती मला अतिशयोक्त वाटते. कराच्या हिशेबात तो करार वर्षाला सुमारे 4.6 कोटींचाच धरला जातो कारण आजच्या किमतीत तो तेवढाच आहे, आणि हा मार्ग तीसही संघांना खुला आहे. खरा धडा सासाकीच्या निवडीत आहे. वयाच्या नियमामुळे त्याला कोणताच संघ मोठी रक्कम देऊ शकत नव्हता. बोनस फक्त 65 लाख डॉलर, सर्वांची बोली जवळपास सारखी, तरी तो डॉजर्सकडेच गेला. किंमत बांधून ठेवली तरी चांगली सोय, जपानी सहकारी आणि जिंकण्याची खात्री ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच प्रतिभा वाहते.

आता सॅलरी कॅप. ती नाही याचं कारण 1994 मध्ये आहे. मालकांनी मर्यादा लादायचा प्रयत्न केला, 12 ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच झाली नाही. पुढच्या वसंतात न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकुमाने मालकांना जुन्या अटींवर परतावं लागलं. सर्वांत क्रूर फटका बसला माँट्रियल एक्सपोजना. अत्यंत कमी पगारखर्चात 74 विजय, 40 पराभव अशी सर्वोत्तम कामगिरी ते करत होते. संप मिटताच त्यांनी लॅरी वॉकर, मार्किस ग्रिसम, जॉन वेटलंड, केन हिल यांना सोडून दिलं. दहा वर्षांनी तो संघ वॉशिंग्टनला हलवला गेला.

पगार दाबले की समतोल येतो, या कल्पनेची परीक्षा इतिहासाने आधीच घेतली आहे. 1975 पर्यंत खेळाडूला संघ सोडण्याचा हक्कच नव्हता. त्या व्यवस्थेत 1949 ते 1964 या सोळा वर्षांत यांकीजनी 14 वेळा आपली लीग (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) जिंकली. खेळाडूला काही मिळत नसे, पण संघ एकमेकांना खेळाडू विकत असत आणि प्रतिभा न्यूयॉर्ककडेच जात असे. कॅन्सस सिटीकडून रॉजर मॅरिस असाच गेला. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने 1956 मध्येच लिहिलं होतं की हक्क कोणाकडेही असोत, खेळाडू शेवटी तिथेच पोहोचतो जिथे त्याची किंमत सर्वाधिक. बदलतं ते फक्त पैसे कोणाच्या खिशात जातात हे. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निकालाने खेळाडू मोकळे झाले, आणि 1978 ते 1987 या दहा वर्षांत दहा वेगवेगळे विजेते झाले.

आयपीएलचं उदाहरण यात बसतं. तिथे सर्वांना सारखीच रक्कम आणि एकच लिलाव. तरी पहिल्या अठरा हंगामांपैकी दहा विजेतेपदं मुंबई आणि चेन्नईने वाटून घेतली, आणि पंजाब व दिल्लीला एकही मिळालेलं नाही. शिवाय आयपीएलचा मुख्य पैसा मध्यवर्ती प्रसारणातून येतो, म्हणून सारखी मर्यादा सर्वांना पेलते. अमेरिकन फुटबॉलचंही तेच. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, मिलवॉकीच्याच विस्कॉन्सिन राज्यातलं. तिथल्या पॅकर्स संघाला राष्ट्रीय वाटपातून अलीकडे वर्षाला 40 कोटी डॉलरहून जास्त मिळतात, न्यूयॉर्कच्या संघांइतकेच. लोक म्हणतात फुटबॉलमध्ये मर्यादेमुळे समतोल आहे. मी म्हणतो, ग्रीन बेला जगवते ती वाटणी, मर्यादा त्या वाटणीवर उभी आहे.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 रोजी संपतो, आणि मर्यादेचा विषय पुन्हा टेबलावर येणार हे उघड आहे. नुसती कमाल मर्यादा आली तर डॉजर्स आज पगारांवर घालतात ते पैसे डॉजर्सच्याच मालकांकडे राहतील. पिट्सबर्गला त्यातला एक डॉलरही मिळणार नाही. मला हवा तो क्रम असा: आधी सगळे स्थानिक टीव्ही हक्क एकत्र करून त्यांचं उत्पन्न वाटावं, डॉजर्सच्या करारासकट. मग वाटपाचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संघाला पगारखर्चाची किमान मर्यादा घालावी, आणि ती पाळली नाही तर पुढच्या वर्षीचा वाटा कापावा. वाढीव उत्पन्नावरचा 48 टक्क्यांचा दर खालच्या संघांसाठी कमी करावा, म्हणजे जिंकण्यात त्यांचा फायदा राहील. आपणच घडवलेल्या खेळाडूशी लांब करार करणाऱ्या छोट्या संघाला त्या रकमेचा काही भाग सामाईक निधीतून मिळावा. हे झाल्यावर कमाल मर्यादेवर बोलता येईल. तोवर, आणि मालक हिशेबाच्या वह्या उघडून दाखवत नाहीत तोवर, खेळाडू संघटनेने तिच्यावर सही करू नये.